कटिंग कुठे चांगलं मिळतं

माझ्या नातीचा हात मी खऱ्या अर्थाने बघितला तो स्वयंपाकघरात, ड्रॉवरच्या मुठीपाशी. तसा तो तिच्या जन्मापासून बघतेय मी. तेल लावलंय, मेंदी काढलीय, एकदा दारात बोट चेमटलं तेव्हा हळद भरलीय. पण त्या दिवशी ती ओट्याशी उभी होती. माझ्या शिवणाच्या डब्यातलं काळं रीळ घेतलेलं, दोरा मुठीला अडकवलेला, आणि गाठी मारत होती. एका हाताने. दुसऱ्या हाताने दोऱ्याचं टोक नुसतं ताणून धरलेलं. बोटं अशी वळत होती की दोरा कुठून आला नि कुठे गेला कळेना. गाठ मात्र बरोबर मुठीवर जाऊन बसायची, एकीवर एक, जोंधळ्याच्या कणसात दाणे बसतात तशी. बोलत होती माझ्याशी, बघत होती खिडकीबाहेर, आणि गाठी पडतायत.

मी जन्मभर ब्लाऊज शिवले. दोरा म्हणजे माझ्या घरचा माणूस. तरी मी तोंडात बोट घालून उभी.

"आजी, दूध," ती म्हणाली.

दूध गेलंच उतू.

"कशासाठी गं हे?" मी विचारलं.

"आत, खोल, जिथे दोन हात मावत नाहीत तिथे अशीच गाठ मारावी लागते. सवय करतेय." असं म्हणून तिने केळं घेतलं, सुरीने सालीला चीर दिली आणि वाकडी सुई चिमट्यात धरून ती साल शिवायला बसली. माझ्या ओट्यावर. आतलं केळं जराही चेपलं नाही. नंतर ते केळं मी खाल्लं नाही, दोन दिवस तसंच ठेवलं. शिवलेलं केळं कोण खाणार?

आमच्या घरात डॉक्टर झालेली ही पहिली. तिच्या आधी आमचा दवाखान्याशी संबंध आला तो आजारी पडण्यापुरता. एमबीबीएस झालं, पुढची ती मोठी परीक्षा दिली, रँक चांगली आली. सर्जन व्हायचं हे तिच्या डोक्यात पहिल्यापासून. तर आता काय करायचं असतं, चॉईस फिलिंग. मलाही हे तेव्हाच कळलं. कॉम्प्युटरवर कॉलेजांची नावं आपल्या पसंतीने एकाखाली एक लावायची आणि मुदतीच्या आत लॉक करायची. वरचं मिळालं की खालचं गेलं. म्हणजे सगळा प्रश्न, वर काय ठेवायचं.

वर ठेवण्याजोगी दोन होती. एक परराज्यातलं, लांबचं, भलंमोठं हॉस्पिटल. दरवर्षी हॉस्पिटलांचे नंबर लागतात ना, त्यात ते कायम वरच्या ओळींत. घरात आम्ही त्याला 'नंबरवालं' म्हणायला लागलो. दुसरं मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या गावचं सरकारी हॉस्पिटल. आमच्याच मुलखातलं. ते कुठल्या नंबरात नाही, खाली नाही, वर नाही. त्याचं नाव पडलं 'आपल्याकडचं'.

माझा मुलगा म्हणजे तिचे पप्पा, नंबरवाल्याच्या बाजूचे. तो विम्याच्या ऑफिसात हॉस्पिटलांचे क्लेम तपासतो. बिलं बघून बघून त्याला हॉस्पिटल वासावरून ओळखू येतं, असं तो म्हणतो. मोबाईलवर तो नंबरांचा तक्ता उघडून जेवायला बसायचा.

"यात विचार काय करायचाय?" तो म्हणायचा. "एवढ्या वरच्या नंबरचं मिळतंय आणि ही म्हणते आपल्याकडचं. मला तो मुलूख मनातून काढायला अर्धं आयुष्य लागलं."

तो असं का म्हणायचा ते मला ठाऊक होतं. लहानपणी सुट्टीत गावी गेला की कुणीही थांबवून विचारायचं, "कुणाचा रे तू?" विचारणारा वाईट असायचा असं नाही. पण नाव सांगितलं की चेहरा बदलायचा. दुकानदार लिमलेटची गोळी हातात द्यायचा नाही, फळीवर ठेवायचा, आणि याने ती उचलून घ्यायची. याला वाटायचं दुकानाची रीतच तशी. मग एकदा याने बघितलं की दुसऱ्या पोराच्या हातावर ठेवली. घरी येऊन मला विचारलं, "आई, माझ्या हाताला काय झालंय?" त्याचं उत्तर मी काय दिलं आता आठवत नाही. बरं दिलं नसणार, नाहीतर आठवलं असतं.

इथे मीरा रोडला असलं कुणी विचारत नाही. इथे विचारतात, रूम ओनरशिपची का भाड्याची. पूनम सागरला फ्लॅट घेतला तेव्हा याने सगळ्यांना न विचारता सांगितलं, ओनरशिप आहे म्हणून. तर अशा माणसाला नंबरचं वेड का, हे सांगायला नको.

आता थर्मासचं सांगते, कारण सगळं त्या थर्मासने सुरू झालं.

एका दुपारी नात गॅलरीत फोनवर होती. पलीकडे तिच्या कॉलेजची सीनियर ताई, जी आपल्याकडच्या हॉस्पिटलात शिकत होती. मी तांदूळ निवडत आत बसलेले, फोन स्पीकरवर, सगळं ऐकू येत होतं. ताई म्हणाली, "इकडे कटिंग भरपूर आहे गं. पहिल्या वर्षापासून मिळतं. तिकडे मोठ्या ठिकाणी नाव आहे, पण कटिंग नाही. दोन वर्षं नुसतं धरून उभं राहायचं."

माझा जीव एवढासा झाला. एवढं मोठं हॉस्पिटल आणि पोरांना अर्धा कप चहा नाही? आणि धरून उभं राहायचं म्हणजे काय, रिकामा ग्लास?

समोरच्या दाराच्या गुजराती वहिनींना मी लिफ्टपाशी सांगितलं. "वो बडे हॉस्पिटल में ना, बच्चों को कटिंग भी नहीं मिलता. खडे रहते हैं."

"हाय हाय," त्या म्हणाल्या. "इतना बडा नाम और चाय नहीं? बेन, आप उसको थर्मास दिला दो. कोई भी हॉस्पिटल हो, अपना चाय अपने साथ."

मला पटलं. भाईंदर ईस्टला जाऊन मी चांगला स्टीलचा थर्मास आणला, झाकणाचा कप होतो तसला. रात्री जेवताना तो तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "हे बघ, तुझ्या पप्पांच्या हॉस्पिटलात कटिंग मिळत नाही ना, तर हे घेऊन जा. चहासाठी आयुष्याचा निर्णय फिरवू नको."

ती थर्मासकडे बघायला लागली, मग माझ्याकडे. मग तिने कपाळ टेबलावर टेकवलं आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. पप्पा पण हसत होते. त्या महिन्यात ते दोघं एकत्र हसले ते तेवढंच.

"आजी," ती डोळे पुसत म्हणाली, "कटिंग म्हणजे ऑपरेशन. म्हणजे शिकणाऱ्याच्या हातात चाकू देतात का, किती देतात, ते. आम्ही सगळे असंच विचारतो. तिथे कटिंग कसंय?"

हे ऐकून मी हसायला गेले, पण हसू आलं नाही. कारण कटिंग हा शब्द चहाच्या आधी माझ्या आयुष्यात दुसऱ्याच अर्थाने आलेला. आणि तो अर्थ हिच्या अर्थाच्या जवळचा होता.

लग्न होऊन इकडे आले तेव्हा स्टेशनजवळच्या एका बड्या लेडीज टेलरकडे लागले. काचेचं दार, बाहेर लेहंगे घातलेले पुतळे. कुठे काम करतेस असं कुणी विचारलं की दुकानाचं नाव सांगताना मान वर व्हायची. पण काम काय? हूक लावणे, काजं करणे, तुरपाई. कापडावर कात्री चालवायची ती मास्तरांनी. त्याला म्हणायचे कटिंग. मास्तर पडद्याआड कटिंग करायचे, कुणी बघितलेलं आवडायचं नाही. मी तिथे सुंदर हूक लावायला शिकले. आजही माझा हूक निघत नाही. पण ब्लाऊज कापता येत नव्हता.

मग ते दुकान सुटलं आणि हाटकेशला एका गाळ्यात काम मिळालं. उत्तरेकडचे म्हातारे मास्तर, दोन मशिनी, बाहेर पाटीसुद्धा नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी गिऱ्हाइकाचं जांभळं रेशीम माझ्यापुढे पसरलं, खडूने खुणा केल्या आणि कात्री माझ्या हातात दिली. मी म्हटलं, मास्तरजी, नहीं आता. ते टेबलाच्या पलीकडे गेले, कापडाची दोन टोकं धरून ताणली आणि म्हणाले, "काटो. डरो मत. मैं पकडे हूँ." कात्रीचा तो पहिला कर्र आवाज अजून कानात आहे माझ्या.

वाचायलासुद्धा मी त्याच गाळ्यात शिकले. नमुने पेपरावर कापायचे ना आम्ही, मराठी पेपर, रद्दीतले. पाठीच्या तुकड्यावर अर्धी बातमी, उरलेली बाहीवर. जुळवून वाचायची सवय लागली. ते जाऊ दे.

हे सगळं मी त्या रात्री जेवणाच्या टेबलावर सांगितलं आणि फुशारकीने म्हटलं, "म्हणून सांगते, नावाला भुलू नको. जिथे कात्री मिळते तिथे जा."

मुलगा म्हणाला, "घ्या. आता ब्लाऊजवरून सर्जरी ठरणार."

नात मात्र हसली नाही. थर्मासचं झाकण फिरवत होती. म्हणाली, "आजी, मास्तरांनी समोरून कापड धरलं नसतं तर?"

"तर बाही वाकडी गेली असती."

"मग?"

"मग काय, गिऱ्हाइकाला नवीन कापड आणून दिलं असतं."

"माझ्या गिऱ्हाइकाला काय आणून देऊ?"

आयुष्यात कात्रीचं एवढं ओझं मला कधी वाटलं नव्हतं. ड्रॉवरच्या मुठीवरच्या त्या गाठी मला तिथून दिसत होत्या, काढल्याच नव्हत्या तिने.

दुसऱ्या दिवशी रविवार. विहारातून वंदना करून आलो आणि तिने पप्पांना शेजारी बसवून तो नंबरांचा तक्ता उघडला. म्हणाली, "चला, नंबर कसा देतात ते वाचू." मीही चष्मा लावून बसले. संशोधनाचे निबंध किती छापले, त्याचे गुण. शिकवणारे मास्तर किती, पैसा किती खर्च केला, त्याचे गुण. लोकांना विचारलं तुम्हाला हे नाव कसं वाटतं, त्याचेही गुण. सगळं वाजवी. खोटं काही नव्हतं.

"यात वाईट काय आहे?" मुलगा म्हणाला.

"काहीच नाही पप्पा. पण हा नंबर पूर्ण हॉस्पिटलचा. त्यातला सर्जरी विभाग कसा, त्यातलं एक युनिट कसं, तिथे पहिल्या वर्षाच्या मुलीला काय करायला देतात, आणि ती करत असताना तिच्यासमोर कोण उभं असतं, हे यात कुठे आहे? तुम्हाला क्लेम मंजूर करायला हा नंबर बरोबर आहे. मला तेवढ्यावर जाता येत नाही."

"आणि नंतर नोकरीला जाशील तेव्हा? तेव्हा नावच विचारतात."

"विचारतात," ती म्हणाली. "म्हणून तर ठरत नाहीये."

नंबरवाल्या ठिकाणच्या एका सीनियरने तिला व्हिडिओ पाठवला होता, तो तिने आम्हाला दाखवला. पेशंट टेबलावर, आणि डॉक्टर कुठे तर लांब कोपऱ्यात, डब्यात डोळे घालून बसलेला. मधे यंत्राचे हात. त्या यंत्राच्या बोटांनी द्राक्षाची साल सोलून दाखवली आणि परत शिवली. आतला गर जसाच्या तसा. मी तीनदा बघितला तो व्हिडिओ. मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ आई, हे शिकायला मिळेल."

"बघायला मिळेल पप्पा," नात म्हणाली. "ते यंत्र पहिली काही वर्षं तरी माझ्या हातात येणार नाही. जखम उघडी धरायचा आकडा असतो, तो धरून मी उभी असेन. पण बघायला मिळेल हे खरंय. आणि असं बघायला आपल्याकडे जन्मात मिळणार नाही."

मग तिनेच काढलं, की आपल्याकडचं एकदा डोळ्यांनी बघून येऊ. मुलगा म्हणाला, "मी त्या स्टँडवर उतरणार नाही." म्हणून आम्ही दोघी गेलो.

हॉस्पिटल कसलं, जत्रा. आवारात चुली पेटलेल्या, झाडाला झोळ्या बांधलेल्या, लिफ्ट बंद. लायब्ररीतली पुस्तकं बघून नातीचा चेहरा पडला. मी मनात म्हटलं, पोराचंच खरं बहुतेक. ताईने आम्हाला ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या व्हरांड्यात बसवलं आणि आत गेली. बाकावर माझ्या शेजारी एक धोतरवाले बाबा, त्यांची सून, सुनेच्या मांडीवर डब्याची पिशवी. बाबांच्या मुलाचं ऑपरेशन आत चाललेलं. बाबा नुसते दाराकडे बघत होते. मीही बघायला लागले. दुसरं काय करणार.

दार उघडलं. एक कोवळा डॉक्टर बाहेर आला, गालांवर मास्कच्या दोरीचे वळ. पहिल्या वर्षाचा, मागाहून कळलं. त्याच्या मागे एक मॅडम, टोपीतून पांढरे केस निसटलेले. युनिट दोनच्या, म्हणजे तिथल्या सर्जनांच्या एका तुकडीच्या, प्रमुख त्या. बाबा उठले आणि सरळ मॅडमकडे धावले. आपण सगळे वय बघूनच धावतो. मॅडम एक पाऊल मागे झाल्या. त्या मुलाकडे हात करून म्हणाल्या, "डॉक्टर हे. ऑपरेशन यांनी केलंय. हे सांगतील."

बाबा गोंधळले. तो मुलगा एक पाऊल पुढे आला. मग म्हणाला, "बाबा, आतड्याला भोक पडलं होतं. घाण पोटात पसरली होती. ते शिवलंय, पोट धुऊन काढलंय. अजून धोका गेला नाही. पुढचे काही दिवस बघावं लागेल. रात्री-बेरात्री काही वाटलं तर मला उठवा, मी इथेच असतो."

"तुम्ही केलं?" बाबांनी विचारलं.

"मी केलं. मॅडम समोर होत्या."

वाक्य अर्धं सोडलं नाही त्याने. मॅडम मागे भिंतीशी उभ्या. त्यांनी एक अक्षर जोडलं नाही. बाबांनी त्या पोराला वाकून नमस्कार केला, आणि त्या पोराने घाईघाईने बाबांना धरून उभं केलं.

मी ब्लाऊज बिघडला की काउंटरवर मास्तरांना पुढे करायचे. आणि हे पोर.

नातीने पुढे होऊन मॅडमना आपली ओळख सांगितली, रँक सांगितली, आणि विचारलं, "मॅडम, नेहमीच असं? नातेवाइकांना शिकणाऱ्याने सांगायचं?"

"माझ्या युनिटात तरी. ज्याने कापलं त्याने सांगायचं. चांगलं असो, वाईट असो. एकदा का हे करावं लागणार म्हटलं की आत कुणी उगाच घाई करत नाही."

"आणि आत? कटिंग करताना समोर..."

"समोर मी. सुरुवातीला माझा हात तुझ्या हातावर. मग हळूहळू माझे हात असे." त्यांनी दोन्ही पंजे एकात एक गुंतवून छातीशी धरले. आत निर्जंतुक केलेले हात कशाला लागू नयेत म्हणून तसेच धरतात, हे नातीने मला नंतर सांगितलं. मला तेव्हा वाटलं, वंदनेला उभ्या आहेत.

मग त्या म्हणाल्या, "पण ऐकून ठेव. यंत्राची ऑपरेशनं इथे दिसणार नाहीत. संशोधन करायचं असेल तर मोठ्या ठिकाणी जा, त्यांचा नंबर उगाच नाही. आणि सगळीच युनिटं माझ्यासारखी नाहीत. आणखी एक, तू तिसऱ्या वर्षाला येशील तेव्हा मी रिटायर झालेली असेन."

"मग तेव्हा समोर कोण?" नातीने विचारलं.

"तोपर्यंत तुझ्यावर कुणा नव्या पोरासमोर उभं राहायची वेळ आलेली असेल," असं म्हणून त्या आत गेल्या. पुढची केस होती.

परतीच्या वाटेवर नात खिडकीला डोकं लावून बसली होती, आणि तिच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. दोरा नसताना गाठी.

घरी आल्यावर मी मुलाला सगळं सांगितलं. बाबांचं, कोवळ्या डॉक्टरचं, मॅडमचं. लिफ्ट बंद होती आणि लायब्ररीचे हाल आहेत हेही सांगितलं, लपवलं नाही. त्याने ऐकून घेतलं. मग त्याने नातीला एकच विचारलं.

"तिथे तुला कुणी विचारलं का, कुणाची तू?"

"नाही. पण विचारतील पप्पा, एखाद दिवस."

"नंबरवाल्या ठिकाणी नाही विचारणार."

नात त्याच्या शेजारी जाऊन बसली. म्हणाली, "पप्पा, तिथेही विचारतात. फक्त शब्द वेगळे. म्हणतात, रँक किती? आणि रँक सांगितली की गप्प बसून मनात हिशेब करतात, ही कुठल्या दारातून आत आली. एमबीबीएसला पाच वर्षं मी ते उत्तर दिलंय. तुम्हाला सांगितलं नाही."

माझा मुलगा हातातला मोबाईल उलटा सुलटा करत राहिला. मी उठून चहा ठेवला. अशा वेळी मला चहाच सुचतो, काय करू.

चहा पिऊन तो म्हणाला, "लॉक करशील तेव्हा मला बोलव."

मुदतीच्या दिवशी आम्ही तिघं कॉम्प्युटरपुढे. तिने आपल्याकडच्याचं नाव बोटाने ओढून सगळ्यात वर नेऊन ठेवलं. मुलगा पडद्याकडे बघत होता. म्हणाला, "माझं दुसऱ्या नंबरला तरी ठेव."

"तुमचं दुसऱ्यालाच आहे, पप्पा. दाखवू?"

"नको. कर लॉक."

बरोबर केलं का चूक, मला खरंच सांगता यायचं नाही. मुलगा अजून कधी कधी म्हणतो, तिकडे गेली असती तर यंत्रावर बसली असती. बसलीही असती. तिच्याबरोबरचा एक मुलगा त्याच नंबरवाल्या ठिकाणी गेला आणि खूश आहे, त्याला संशोधनातच गोडी. मी फक्त एवढं बघितलं, की निवड करण्याआधी माझी नात दोन्हीकडचं खरं विचारून आली. थर्मास मात्र तिने नेला. तिथे टपरीवर चहा मिळतो, पण टपरीवर जायला वेळ मिळत नाही म्हणे. म्हणजे गुजराती वहिनींचंच खरं झालं.

बरेच महिने फोनवर एकच. झोप नाही, ड्रेसिंग केलं, पट्ट्या बदलल्या, रक्ताचे नमुने पोचवले. मी विचारायचे, "कटिंग?" ती म्हणायची, "अजून नाही आजी." मुलगा वर्तमानपत्राआडून ऐकायचा.

परवा संध्याकाळी फोन आला. आवाजावरूनच मला कळलं.

"आजी, मिळालं आज."

"चहा का दुसरं?"

"दुसरं. अपेंडिक्स. अख्खं, चीर देण्यापासून शिवेपर्यंत."

"समोर कोण होतं?"

"मॅडम. सुरुवातीला हात हातावर. मग बघितलं तर त्यांचे हात छातीशी."

मुलाने पेपर बाजूला ठेवला आणि मला खूण केली, स्पीकरवर टाक. मी टाकला.

"मग नातेवाइकांना सांगायला बाहेर कोण गेलं?" मी विचारलं.

"मीच ना. पेशंटची आई होती, खेड्यातली म्हातारी. सगळं समजावून सांगितलं, पोरगी बरी आहे म्हटलं. तर तिने माझा हात धरला, दोन्ही हातांत. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. म्हणाली, एवढ्याशा हातांनी केलं? आणि मग विचारलंच."

"काय?" हे मुलाने विचारलं.

"कुनाची गं तू, माय?"

मुलगा खुर्ची ओढून फोनपाशी आला.

"मग?" मुलगा म्हणाला. "काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, युनिट दोनची."

"मग?"

"म्हणाली, युनिट दोनचं भलं होवो."

मुलाने माझ्या हातातून मोबाईल घेतला. तोंडाजवळ धरला आणि हळू विचारलं, "आणि हात? हात सोडला तिने?"

"कुठला सोडतेय, पप्पा," ती म्हणाली. "राउंड होता, मलाच सोडवून घ्यावा लागला."